बाटली काळी का पडते

१२ फेब्रुवारी २००३, बुध.
आरोग्य केंद्रातले भाऊ सहा बाटल्या देऊन गेले. बोटाएवढ्या, आत औषध लावलेली कागदाची पट्टी. पाणी भरायचं, दोन दिवस ठेवायचं. काळं पडलं तर पाण्यात मैल्याची घाण. इतकं सोपं? मग आजवर नुसतं डोळ्यांनी बघून 'स्वच्छ आहे' म्हणत होतो ते काय! एक बाटली आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराशेजारच्या हापशाची भरली, एक गावविहिरीची. माझ्या अंगणवाडीतली पोरं हापशाचंच पितात. महिनाभर निम्मी पोरं हगवणीनं घरी.

१४ फेब्रु.
हापशाची काळी. शाईसारखी. मदतनीस शांताबाईंना दाखवली. "आगं बया! आन् हे आपुन रोज पितोय व्हय?" गावविहिरीची मात्र जशीच्या तशी. म्हणजे घाण फक्त हापशाला. कुठून पण? दिवसभर दुसरं काही सुचेना, भाकरी करपली.
पोरांना आजपासून पाणी उकळून. रॉकेल पुरायचं नाही.

१७ फेब्रु., सोम.
हापशाच्या वर आबांचा गोठा, त्याला लागून उकिरडा. पन्नास पावलं. मोजली. दुसरं काय असणार? ग्रामसभेत उभी राहून बोलले. आबा पंचायतीतले जुने सभासद, मोठे बागायतदार. त्यांच्यासमोर आमच्या वस्तीतली बाई असं बोलायची ही पहिलीच वेळ असेल.  आबा एवढंच म्हणाले, "बघू."
घरी हे म्हणाले, "जरा सबुरीनं घ्यायचं व्हतं." ह्यांचं बरोबर असतं कधी कधी. आज नाही.

२४ फेब्रु.
आबांनी उकिरडा उचलला! ट्रॉल्या भरून शेतात. वाटलं नव्हतं. बरं वाटलं. थोडी ऐटही आली, खोटं कशाला लिहू.

८ मार्च
हापशाची पुन्हा काळी. कसं काय?
भाऊंनी युक्ती सांगितली. संशयाच्या जागी भरपूर मीठ ओतायचं आणि हापसा चाखत राहायचं. खारट लागला की घाणीची वाट सापडली. राहू गावच्या बाजारातून खडेमिठाच्या दोन गोण्या.

९ मार्च, रवि.
आबांना विचारून उकिरड्याच्या जागी एक गोणी, वर चार पिंपं पाणी. आबा बाजेवरून, "बाई, उकिरड्याचं लोणचं घालताय का?" सगळे हसले. मीही.

१३ मार्च
चार दिवस चाखतेय. गोडंच. शांताबाई तर घोट तोंडात घोळवून डोळे मिटतात. मग उकिरडा नव्हेच. भर सभेत मी आबांना नाहक दोष दिला. जाऊन तसं सांगितलं. चिडले नाहीत. "ऱ्हायलेली गोणी तुमच्याच दारात वता की." चेष्टेत म्हणाले.
पण खरंच, आमच्या दारात काय आहे?
संडास. वस्तीतला पहिला, मी हट्टानं बांधून घेतलेला. शोषखड्डा खणलाच नाही. मागं कोरडी गेलेली बोअर पडून होती, ह्यांनी पाइप तिच्यात सोडला. "कितीबी वता, गप पिती." तेव्हा मीच कौतुक केलं. खड्ड्याची मेहनत वाचते म्हणून गावभर सांगत फिरले. बोअर पिते ते पुढं जातं कुठं, हे तेवढं विचारलं नाही. एरवी कशालाही का, कसं, कुठून लावणारी मी.

१५ मार्च
हे कारखान्यात शिफ्टला गेल्यावर दुसरी गोणी संडासात. वर बादल्यांवर बादल्या. हात सोलले.

१६ मार्च, रवि.
दुपारी हापसा खारट.
क्षणभर आनंदच झाला. जमिनीखाली न दिसणारी वाट आहे, आणि ती मला सापडली! मग कळलं, ती आमच्याच दारातून निघते. शांताबाईंनी चूळ थुंकली. "बाई, ह्या बारीला कुठं वतलं व्हतं?" उद्या सांगते म्हटलं.
आजारी पडलेल्या पोरांची नावं एकेक आठवत बसले. लाज वाटते. फार.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "उद्यापासून खड्डा खणायला घेतो. पर गावाला काय सांगायचं?"


१७ मार्च, सोम.
सकाळी आधी शांताबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आबांस्नी तुम्हीच सांगा. दुसऱ्याकडनं नगं कळाया."
संध्याकाळी आबा स्वतःच अंगणवाडीशी थांबले. मी तोंड उघडणार तेवढ्यात, "बाई, तुमचं ऐकलं बरं का. सुनांसाठी संडास बांधला. तुमच्यावानीच, खड्डा न्हाई न् काय न्हाई. वरची फेल बोअर हाय न्हवं, तिच्यात पाइप. उद्या नवाला गवंडी जोडून देतोय."
खूश होते. पहिल्यांदाच माझ्याशी असं उभं राहून, हसून बोलत होते.
वरची बोअर गावविहिरीच्या अंगाला. तिथलं पाणी बाकीचं अख्खं गाव पितं.
आणि मी काय म्हणाले? "बरं केलंत, आबा."
बरं केलंत!
उद्या आठला त्यांच्या दारात जायचं. हेही येतो म्हणाले, मीच नको म्हटलं. पहिलं वाक्य काय बोलायचं ते अजून जुळत नाही.