एक थाप हळू, दोन थापा थांब

सोमवार, ५ फेब्रुवारी

मोटरसायकल आता मी चालवायची! ह्यांनी चहा पिता पिता जाहीर केलं, साखर संपलीय म्हणावं इतक्या सहज. परवा फाटकाचा खांब घासला तेव्हापासून म्हणे ह्यांचं उजवं मनगट दुखतंय. मी नर्स. दाबून पाहिलं, फिरवून पाहिलं. सूज नाही, काही नाही. माझ्या हातात असताना दुखत नाही, गाडी दिसली की दुखतं!

आणि दवाखान्यातल्या मोठ्या बाईंनी तर निर्वाणीचं सांगितलंय. घरोघरी जाऊन ड्रेसिंग करायचं असेल तर घरची गाडी हवी, नाहीतर मार्चअखेरीपासून माझे पेशंट दुसऱ्या कुणाकडे. माझे पेशंट! कोपऱ्यावरच्या आजोबांच्या पायाची जखम आत्ता कुठे भरत आलीय. ती मी दुसरीच्या हातात देऊ?

अर्ज भरला. ‘वाहन चालवण्याचा पूर्वानुभव’ – तिथे ‘नाही’ लिहिलं. लग्न झाल्यापासून मागच्या सीटवर बसतेय, त्याला रकानाच नव्हता.

बुधवार, ७ फेब्रुवारी

आधी लेखी परीक्षा. नियमांचं पुस्तक आणलं. ह्यांनी ताबडतोब मास्तरकी ताब्यात घेतली. पुस्तक समोर धरून, घसा खाकरून पहिला प्रश्न – रस्त्याच्या मधोमध सोफा पडलाय आणि त्यावर माणूस झोपलाय, तर हॉर्न वाजवावा काय?

मी विचारलं, जवळपास दवाखाना आहे का? म्हणजे शांतता क्षेत्र. म्हणाले, बरोबर, पुढे तेच लिहिलंय. मला एकदम हुशार वाटलं!

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

आजचा प्रश्न – बँडवाले उलटे चालत आपल्या दिशेने आले, तर ते येताहेत समजायचं की जाताहेत? पाऊण तास वाद. शेवटी ‘तोंड जिकडे तिकडे जाताहेत’ असं ठरलं. पाठ केलं. परीक्षा फारच कठीण दिसतेय.

रविवार, ११ फेब्रुवारी

घरातही नियम लागू केले. न्हाणीघराकडे वळण्याआधी हात दाखवायचा. बोळकांडीत एकामागून एक, सुरक्षित अंतर ठेवून. वळण्याआधी मान मागे फिरवून बघायचं – पातेलं उतरवतानासुद्धा.

ह्यांनी मला प्राधान्य द्यायचं म्हणून दाराला धडक दिली. दार उघडं होतं हो! अर्धंच उघडं, पण उघडं. कपाळाला टेंगूळ. मी औषध लावलं आणि वेगमर्यादा ओलांडली म्हणून ह्यांचा दुपारचा चहा बंद केला.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

नापास!! सोफा नाही, बँडवाले नाहीत. साधे सरळ प्रश्न होते आणि मी माती खाल्ली.

‘गतिरोधक दिसल्यास काय कराल?’ मी लिहिलं – पाठीवर एक थाप मारीन. ‘लाल दिवा लागल्यास?’ – दोन थापा. ‘वळण्यापूर्वी?’ – गुडघा आत घेईन, पिशवी पोटाशी धरीन. ‘ओव्हरटेक करताना?’ – डोळे मिटीन.

मिशीवाल्या परीक्षकांनी पेपर वर धरला आणि शांतपणे विचारलं, “बाई, कोणाच्या पाठीवर?”

काय सांगणार! आमची जुनी खूण आहे. एक थाप हळू, दोन थापा थांब. आणि तोंडाने चालूच – डावीकडे घ्या, कुत्रं आलं, तो बघा मध्ये घुसला. पूर्वी हे चिडायचे. ‘तूच चालव मग’ म्हणायचे. अलीकडे मात्र मुकाट ऐकतात. वयाने माणूस निवळतो, दुसरं काय.

घरी येऊन पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं. सोफा कुठेच नाही! मी भडकले. इतके दिवस मला थापा मारत होतात?

हे म्हणाले, “थापा तू मारतेस. मी चालवतो.”

आणि वर हसले! रात्री आमटीत मुद्दाम मीठ कमी टाकलं.

शनिवार, १७ फेब्रुवारी

कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत सराव. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट, नजर चाकावर नाही, लांब समोर. ओल्यात पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही. हे सगळं ह्यांनी मात्र छान शिकवलं, हात धरून. हाताची पकडही चांगली घट्ट. मनगट दुखायचं बहुतेक विसरले.

मग हे मागे बसले. मागे बसायलाही अक्कल लागते, ती ह्यांना नाही! मी डावीकडे कलले की हे उजवीकडे. आणि माझा खांदा इतका आवळून धरला की वळ उठलेत. एवढे कसले घाबरता, म्हटलं. हेल्मेटचा पट्टा चाचपत बसले.

मंगळवार, २० फेब्रुवारी

मास्तरांना रजा दिली. पुस्तक बसमध्ये माझं मीच वाचते.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

पास! एकाही उत्तरात पाठ नाही. मिशीवाल्यांनी पेपर दोनदा उलटून पाहिला. थोडे हिरमुसले.

सोमवार, २६ मार्च

महिनाभर सराव करून चालवायची परीक्षाही पास. परवाना हातात! आजोबांच्या पायाला उद्यापासून मीच. मोठ्या बाईंना आता फक्त माझ्या डोळ्यांचा दाखला हवाय. हे म्हणतात, तू जा, मला काम आहे. निवृत्त माणसाला कसलं काम? ओढून नेणार आहे.

मंगळवार, २७ मार्च

माझे डोळे ठीक. डॉक्टर ह्यांना म्हणाले, आलाच आहात तर बसा. ह्यांनी सगळी अक्षरं खडाखडा म्हणून दाखवली – मी म्हटली होती तीच. डॉक्टरांनी तक्ता बदलला होता.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकलेला. ऑपरेशननंतर दिसेल म्हणाले. मग त्यांनी विचारलं, निदान दोन वर्षांचं दुखणं आहे हे, फिरत कसे होता?

“मोटरसायकलवर.”

“कोण चालवायचं?”

“ही.”

बाहेर येऊन मी वाटेल ते बोलले. मेलो असतो आपण! कुणाला तरी मारलं असतं! हे खाली मान घालून म्हणाले, “तुझं काम बुडालं असतं गं.” एवढ्या जखमा बघते रोज, आणि ह्यांचे डोळे दिसले नाहीत.

परत येताना मी पुढे, हे मागे. मोठ्या रस्त्यावर माझ्या पाठीवर एक थाप पडली. मी वेग कमी केला. पुढे काहीच नव्हतं.