बोटाला न कळलेलं

निर्मळ,
१९ नोव्हेंबर १९८९

चि. जुलियाना,

तुला आणि तान्हीला आईचे आशीर्वाद. कॉन्रॅडची चौकशी केली म्हणून सांग. इकडे राजेळी केळ्यांचे घड उतरायला आलेत. माझी तब्येत आहे तशीच आहे.

दोन वर्षांत तू पत्र टाकलं नाहीस, मीही नाही. लग्नाच्या मिस्सात तुम्ही दोघं चर्चमध्ये वेदीपुढे उभे असताना मी उठून बाहेर गेले. आईला कॉन्रॅड जावई म्हणून पसंत नाही, असं तुझ्या सासरी उमेळ्यात सगळे म्हणाले. मी म्हणू दिलं. ते खऱ्यापेक्षा सोपं होतं.

ऑगस्टमध्ये सालोमीमावशी तुमच्याकडून आली. म्हणाली, "पोरगी बाळंतपणापासून मिस्साला जात नाही, घराबाहेरच पडत नाही. डॉक्टरनं मागून बोट घालून तपासलं. म्हणतो, सगळं ठीक आहे, मनाचे खेळ आहेत."

मावशीला काही कळलं नाही. मला कळलं.

मलाही हेच सांगितलं होतं. तुझ्या वेळी मी पार मागपर्यंत फाटले. टाके वरवरचे पडले. तेव्हापासून मला शौच धरवत नाही. सत्तावीस वर्षं. शाळेत तुला माझ्या लुगड्याची लाज वाटायची ना? त्याच्या घोळात जुने पंचे मावतात, म्हणून मी सहावारी नेसले नाही. तुझे बाबा जवळ आले की मी पाठ फिरवायची. बायकोला आपला कंटाळा आहे, असं समजूनच ते देवाघरी गेले.

फुलांच्या पुड्या बांधायच्या रद्दीत एकदा वाचलं होतं, मुंबईच्या एका इस्पितळात या दुखण्याच्या वेगवेगळ्या तपासण्या ताडून बघतात. तो कागद मी ठेवला होता. मावशी गेल्यावर काढला आणि एकटी गेले. माझ्यासाठी नाही. तुला कुठली तपासणी सांगायची, ते कळावं म्हणून.

आधी बोट. तिथल्या डॉक्टरलाही काही लागलं नाही. मग यंत्राला जोडलेल्या सुया, गुदद्वाराभोवती गोल, एकेका ठिकाणी. स्नायू असेल तिथे यंत्र खरखरतं. पुढच्या बाजूला ते गप्प झालं. मी ओरडले, लपवत नाही. शेवटी नवं यंत्र, अंगठ्याएवढी नळी आत घालून पडद्यावर चित्र दाखवणारं. दुखलं नाही. पडद्यावर स्नायूचं गोल कडं दिसलं, पुढे तुटलेलं. सुई गप्प झाली होती तिथेच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, इतकी वर्षं होतात कुठे?"

"चर्चच्या मागच्या बाकावर," म्हटलं. "दाराजवळ."

त्या हसल्या नाहीत. माझं शिवून फारसा उपयोग नाही म्हणाल्या. तुझं ताजं आहे, शिवता येईल. तेव्हा बोटावर विश्वास ठेवू नकोस आणि सुया टोचून घेऊ नकोस. नळीचं यंत्र गुरुवारी असतं. तुझं नाव मी देऊन आलेय. गुरुवारी सकाळी सातला तुझ्या दारात उभी राहीन. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, फक्त चल.

एक उरलं. तू दोन महिन्यांची होतीस. पाळण्यात रडायचीस आणि मी उचलत नव्हते. हिच्यामुळे झालं, असं वाटायचं. हे मी कुठल्या फादरलाही सांगितलेलं नाही. तुलाही तान्हीकडे बघून तसं वाटत असेल, तर तिचा काही दोष नाही.

तुझाही नव्हता, हे आज लिहिणारी,
तुझी आई
आल्बिना