कळंबाचं धनुष्य

लोणावळे, आश्विन शु. ४, शके १८५९

ती. सौ. अक्कास,
बजरंगाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

दसऱ्याला आमच्या तालमीत नेमबाजी आहे, आणि धनुष्य ज्याचं त्यानं करायचं आहे. गडी धामणीच्या झाडाच्या चिवट लाकडासाठी राजमाचीच्या रानात वणवण करतात. मला रेल्वेच्या शेडमधून रजा कुठली? म्हणून परवा तुझ्याकडे आलो तेव्हा, तुम्ही सगळी शेतावर असताना, परसातल्या कळंबाची एक सरळ फांदी उतरवली आणि तसाच गाडीला गेलो. चुलीच्या धगीवर वाळवतो आहे. आई म्हणते, धनुष्य कसलं, हे तर जोखड दिसतं. दाजींना आणि तुझ्या सासूबाई धोंडामावशींना नमस्कार. धाकट्या भावावर माया असू दे.

तुझा,
बजरंग

वराळे, आश्विन शु. १३

चि. बजरंगास,
नंदाअक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुला ठाऊक नव्हतं, म्हणून रागावत नाही. कळंब हे आमच्या घरचं देवक आहे. लग्नात त्याची डहाळी पुजून मांडवात बांधतात. एरवी त्याला कुणी कोयताही लावत नाही. आत्याबाईंनी छाटलेल्या फांदीचा खुंट पाहिला आणि कुणी तोडली, म्हणून साऱ्या घराला विचारलं. माहेरचं नाव निघायला नको, म्हणून मी सांगून टाकलं, की शेळीला पाला हवा होता, मीच तोडली.

मार्गशीर्षात लीलावन्सांचं लग्न आहे. मामंजी आता नाहीत, त्यामुळे देवक धरण्याचा मान आम्हा दोघांचा. पण देवकावर कोयता चालवणारी देवक कशी धरणार, म्हणून आत्याबाई शिरगावच्या चुलत जावेला बोलवणार आहेत. हळदीच्या जात्यालाही मला हात लावू देत नाहीत. तू एवढंच कर, ते लाकूड जाळू नकोस. प्रकृतीला जप.

तुझी,
अक्का

लोणावळे, आश्विन व. ७

ती. सौ. अक्कास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

कोणत्या तोंडानं लिहू? धनुष्य दसऱ्याला पहिल्याच ओढीला मोडलं. सगळी हसली आणि मीही हसलो. चार-पाच दिवसांनी तुझं पत्र आलं.

रविवारी मी वराळ्याला आलो होतो. कुंपणापाशी पोचलो तर ओसरीवर बायका जात्याभोवती गात होत्या, आणि तू एकटी गोठ्यापाशी शेण गोळा करत होतीस. मला पुढं पाऊल टाकवेना. इंद्रायणीत ते दोन तुकडे सोडले आणि चोरासारखा परतलो. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. धामणीला जायचा आळस मी केला आणि मान तुझा गेला. फांदी मी तोडली, अक्काचा काही दोष नाही. हे पत्र धोंडामावशींना वाचून दाखव. मला भाऊ म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

बजरंग

वराळे, आश्विन व. ११

चि. बजरंगास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, की नंदे, तुजा हात तितवर पोचतो व्हय? घाव माझ्या डोक्याच्या वर चांगला दोन हात आहे. फांदी मी तोडलेली नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. रविवारी नदीवर त्यांनी तुला पाहिलंही होतं. भाऊ बहिणीला कुटवर असं उभं ठिवतोय, ते बगत व्हते, असं म्हणाल्या. मला हे ऐकून तुझ्यापेक्षा जास्त लाज वाटली. खोटं मीही बोलले होते.

शिरगावला निरोप गेलेलाच नव्हता. देवक आम्हीच धरायचं. दाजी हसून म्हणाले, की मेव्हण्याला धामण आणि कळंब यांतला फरक दाखवायला रानात नेतो.

आत्याबाईंचा तुला निरोप आहे. पत्रातलं सगळं घरी येऊन तोंडानं सांगायचं. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही झाडाखाली जाऊ, तेव्हा फांदी खाली वाकवून धरायला उंच माणूस लागतो. ते काम तुझं. डहाळी त्या स्वतः हातानं मोडून घेणार आहेत.

येताना मोकळ्या हातांनी ये.

तुझी,
अक्का