बत्तीसला एक

अप्पा, तुम्ही गेल्यानंतर पेट्रोल आणखी बिघडलं, हे ऐकून तुम्हाला बरंच वाटेल. पंपावर पेट्रोल सोडून बाकी सगळं मिळतं, असं तुम्ही म्हणायचात. आता त्यात इथेनॉल असतं आणि ते सगळ्यांना सांगूनसवरून घातलेलं असतं, त्यामुळे संशय घ्यायची मजाच गेली. हे इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात डबा बरेच दिवस तसाच राहिला तर तळाशी वेगळा थर धरतो, आणि तो थर इंजिनात गेला की वाट लागते. म्हणून मी अजूनही काचेच्या नळीत पेट्रोल आणि थोडं पाणी घालून हलवते आणि पाण्याची रेघ किती वर सरकली ते उजेडात धरून बघते. शेजारच्या गाळ्यातला वेल्डर म्हणतो, "ताई, लॅबचा बोर्ड लाव ना, माझी शुगर पण बघून दे." मी हसते, पण तपासल्याशिवाय थेंबही वापरत नाही. तुमचं एवढं तरी माझ्यात उतरलंच आहे.

गाळा तोच आहे, जोगेश्वरीच्या गुंफांकडे जाणाऱ्या गल्लीतला. पोटापाण्याला स्कूटर आहेत आणि हौसेला जुन्या टू-स्ट्रोक डर्ट बाइक. मातीत उडवायच्या त्या हडकुळ्या गाड्यांना तुमच्या वेळी लोक भंगार म्हणायचे. आता अंधेरीहून गॉगल लावून माणसं येतात, गाडीभोवती फिरतात, फोटो काढतात आणि पहिला प्रश्न हाच विचारतात की तेल कुठलं आणि किती. प्रश्न बरोबरच आहे म्हणा. ह्या इंजिनाला तेलाची सोय वेगळी नाही, पेट्रोलमध्ये मिसळाल तेवढंच तेल पिस्टनला मिळणार. कोणी वीस लिटरला एक लिटर म्हणतो, कोणी बत्तीसला एक, कोणी पन्नासला एक, आणि जो तो दुसऱ्याच्या मापाकडे संशयाने बघतो. तेल कमी पडलं तर पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो. जास्त झालं तर धूर, ओला काळा प्लग, आणि गाडी खोकत खोकत बंद. भीतीपोटी तेल वाढवणाऱ्यांना मी तुमच्यासारखीच झापते. तेल वाढलं म्हणजे कार्ब्युरेटरच्या त्याच बारीक भोकातून, जेटमधून, पेट्रोल तेवढं कमी गेलं, आणि कमी पेट्रोलवर इंजिन जास्त तापतं, हे त्यांच्या डोक्यात काही केल्या शिरत नाही.

तुमचा संशय मात्र पेट्रोलपाशी थांबणारा नव्हता. स्वयंपाकघरात आई शेंगदाणा तेलाचा नवा डबा फोडते आहे, तुम्ही गाळ्यावर निघता निघता त्यात बोट बुडवून वास घेता आणि म्हणता, "पामतेल मारलंय." आई मान वर न करता म्हणते, "मग आज उकडलेलं खा." रद्दीवाल्याचा तराजू, दूधवाल्याचं माप, डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्या, सगळ्यांची तुमच्याकडे उलटतपासणी व्हायची. मी वर्गात पहिली आले म्हणून धावत गाळ्यावर आले, तर तुम्ही माझा गणिताचा पेपर उलटसुलट करून विचारलंत, "बाईंनी नीट तपासलाय ना?" मला फार लागलं होतं ते. अजूनही आठवलं की तुमचा राग येतो.

पण काकांच्या बाबतीत तुम्ही जे केलंत त्यापुढे माझा पेपर काहीच नाही. काका म्हणजे तुमचे भागीदार, माझे सख्खे काका नव्हेत, पण आपल्याकडे माशांचं जेवण जेवल्याशिवाय त्यांचा रविवार जात नसे. तुमची कामं वाटलेली होती. इंजिन तुमचं, त्याला दुसऱ्या कोणी पाना लावायचा नाही. पेट्रोल आणि तेल मिसळणं, आणि रेसमध्ये गाडी चालवणं, हे काकांचं. त्या शेवटच्या रेसला तुम्ही मलाही नेलं होतं. मातीचा ट्रॅक, एरंडेलापासून केलेल्या त्या रेसच्या तेलाचा जळका गोड वास, आणि काका सगळ्यांच्या पुढे आहेत. चढावर इंजिनाचा आवाज एकदम बारीक होतो, टोकदार होतो, आणि मग आवाजच नाही. मागचं चाक जाम. काका हवेत, काका मातीत. त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि तुम्ही धावलात ते गाडीकडे. किक मारून बघितलीत, ती जागची हलेना. मग स्ट्रेचरवरच्या माणसाला तुम्ही विचारलंत, "तेल घातलं होतंस?" काका कण्हत म्हणाले, "घातलंय रे. वीसला एक, नेहमीसारखं." घरी येईपर्यंत 'विसरला'चं 'मुद्दाम विसरला' झालं होतं. समोरच्या पार्टीने त्याला फितवला, असं तुम्ही आईला सांगत होतात. आई म्हणाली, "स्वतःचं हाड मोडून घ्यायला कोण फितूर होतं हो?" तरी काकांनी पुन्हा गाळ्यात पाऊल टाकलं नाही, कारण तुम्ही तसं सांगून ठेवलं होतंत.

ते जाम झालेलं इंजिन तुम्ही गाडीतून उतरवलंत, लाकडी खोक्यात घातलंत, वरून खिळे ठोकलेत आणि खोकं बाकाखाली सरकवलंत. "पुरावा आहे, कोणी हात लावायचा नाही." त्याच आठवड्यात तुम्ही मला माझीच लहानपणची दुधाची बाटली आणून दिलीत, मिलिलिटरच्या खुणा असलेली, आणि म्हणालात, "आजपासून तेल तू मोजायचंस." मला केवढा अभिमान वाटला होता. माझं मोजून झालं की तुम्ही पुन्हा मोजायचात, ही गोष्ट वेगळी. गिऱ्हाइकांना तुम्ही दम द्यायचात की इंजिन उघडल्याशिवाय तोंड उघडू नका. आलेलं प्रत्येक इंजिन तुम्ही त्याच दिवशी उघडायचात. हे एकच तसंच ठेवलंत, तुम्ही जाईपर्यंत. मीही नंतर कितीतरी वर्षं त्याला हात लावला नाही. तुमचा धाक होता म्हणा, किंवा आत काय निघेल त्याची भीती म्हणा.

यंदा उन्हाळ्यात काका गाळ्याच्या दारात येऊन उभे राहिले. मी आधी ओळखलंच नाही. नाहूरला मुलाकडे राहतात, हातात काठी आहे, एका डोळ्याने धूसर दिसतं. खुर्चीत बसले, पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "बाय, ते इंजिन आहे का गं अजून?" मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? त्याच आठवड्यात अंधेरीचा एक गॉगलवाला भिंतीवर टांगलेल्या, इंजिन काढलेल्या तुमच्या त्या रेसच्या गाडीची चौकशी करून गेला होता. गाडी मूळ इंजिनासकट हवी म्हणत होता. मी सरळ विचारलं, "काका, तुम्हाला कोणी पाठवलं?" ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग एवढ्या मोठ्याने हसले की वेल्डर डोकावून गेला. "अगदी बापावर गेलीस गो. कोण पाठवणार मला? मला माझा मुलगा दूध आणायला पाठवत नाही." मग हसू ओसरलं. म्हणाले, "माझ्यासमोर उघड. आत तेल नसेल तर विसरलो असं धरून चालतो. एवढी वर्षं मी तो डबा मनात ढवळतोय, बाय. कधी वाटतं घातलं, कधी वाटतं नाय घातलं. तुझ्या बापाने इतक्या वेळा सांगितलं की आता माझाच माझ्यावर भरोसा नाय."

अप्पा, मी खिळे उपटले. काकांना जवळ बसवलं खरं, पण एक नजर त्यांच्या हातांवर ठेवली होती, हेही सांगून टाकते. सिलिंडर ठोकून ठोकून निघाला. पिस्टन एकाच बाजूने घासलेला होता, जिथून धूर बाहेर जातो त्या बाजूने. तेल नसतं तर तो चहूबाजूंनी सोलवटला असता. मी क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं घर, वेगळं केलं. खाली, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर, तेलाचा तपकिरी चिकट थर दुधावरच्या सायीसारखा धरलेला, आणि त्याला अजून तो एरंडेली वास. कोरडं काहीच नव्हतं. वीसला एक, नेहमीसारखं. मी काकांचं बोट धरून त्या थरावर ठेवलं. त्यांनी बोट नाकाशी नेलं आणि तसेच बसून राहिले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

मग डाव्या बाजूचं सील बघितलं. क्रँकच्या टोकाला असतं ते रबरी सील, बाहेरची हवा आत येऊ न देणारं. ते कडक होऊन चिरलं होतं आणि चिरेतून तेल बाहेर ओघळल्याची काळी रेघ केसवर सुकली होती. तिथून हवा शिरली, मिश्रणातलं पेट्रोल कमी पडलं, पिस्टन तापला आणि धरला. सील तुम्ही बसवायचात, अप्पा. दुसऱ्या कोणाला बसवू द्यायचा नाहीत. नवं मिळत नव्हतं म्हणून तुम्ही जुनंच परत घातलं असणार. मला ते काकांपासून लपवायचं होतं, पण धूसर डोळ्यालाही ते दिसलं. ते एवढंच म्हणाले, "सील आहे, जातं. त्याला कोण काय करणार?" मला तेव्हा तुमची लाज वाटली. आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. तुम्हाला ठाऊक होतं का? हे एकच इंजिन तुम्ही उघडलं नाहीत, ते म्हणूनच का? तुम्ही अख्ख्या जगाचा संशय घेतलात, आणि मी आता तुमचा घेते आहे.

पुढच्या काही आठवड्यांत मी ते इंजिन बांधलं. सिलिंडर आतून बोअर करून आणला, पिस्टन मिळवला, सील दोन्ही नवी, इथेनॉल चालणारी. काका नाहूरहून रिक्षाने यायचे आणि तेलावरून माझ्याशी भांडायचे. त्यांना तेच जुनं तेल हवं होतं, वीसला एक. मी म्हटलं, ते तेल सुंदर, पण सगळीकडे डिंक धरतं, आणि हल्लीच्या पेट्रोलबरोबर मला जोखीम नको. आताची सिंथेटिक तेलं चांगली आहेत, बत्तीसला एक पुरे. "आणि तेलाचा डबा नकली निघाला तर?" मी म्हटलं, "झाकणाचं सील बघून घेतलाय, पाच डबे बघून एक आणलाय." त्यावर ते खूश झाले. शेवटी म्हणाले, "ठीक आहे, तुझं माप. पण मिसळणार मी." मी हो म्हटलं. त्यांनी तीच दुधाची बाटली डोळ्यांजवळ नेऊन मोजलं, पेट्रोलच्या डब्यात ओतलं, झाकण लावून डबा हलवला. एक थेंब सांडला नाही. मग ते हात धुवायला बाहेरच्या नळावर गेले.

परवा सकाळी इंजिन गाडीत बसवून, ती टेम्पोत घालून आम्ही आरेत गेलो, तबेल्यांच्या मागे, कच्च्या रस्त्यावर. काका दगडावर बसले. मी किक मारली, तिसऱ्या किकला इंजिन लागलं आणि काका लहान मुलासारखे ओरडले, "आली! आली!" मी गाडी पुढे काढली. पण तिला जोरच धरेना. मागे धुराचा ढग, आवाज भरून आल्यासारखा, वळणावर ती खोकली आणि बंद पडली. ढकलत परत आणली. प्लग काढला तर ओला, काळाकुट्ट. काकांनी तो हातात घेतला, वास घेतला, डोळ्यांजवळ नेला. "जास्त पडलं गं माझ्याकडून," ते म्हणाले. मी पाना पुसायला घेतला. ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हणजे तेव्हापण माझंच माप चुकलं असेल. सील-बील ठीक आहे, पण मी काहीतरी केलंच असणार." परतीच्या वाटेवर ते टेम्पोत खिडकीकडे तोंड करून बसले होते.

त्यांचं माप चुकलं नव्हतं, अप्पा. ते नळावर गेले तेव्हा मी पेट्रोलचा डबा उघडला आणि त्यात आणखी तेल ओतलं. न मोजता, तेलाच्या डब्यातून सरळ. दिसत नाही त्यांना, कमी पडलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं म्हणजे तुमचा तो प्रश्न, "तेल घातलं होतंस?", माझ्या कानात होता. पुरावा माझ्या डोळ्यांसमोर होता, तो मीच त्यांच्या बोटाला लावला होता, आणि तरी मला त्यांचा विश्वास वाटला नाही. टेम्पोत हे सांगता आलं असतं. मी रस्ता बघत राहिले.

तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही काही विचारणार नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाहीच. ज्यांना सांगायचं ते नाहूरला राहतात. त्यांचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला, प्लग साफ केलास का विचारायला असणार. आता पुन्हा वाजतो आहे, आणि मी अजून लिहितेच आहे.