‘वेट’नंतर ‘फॉर’

प्रिय सिस्टरबाई,

सगळं हॉस्पिटल तुला सिस्टर म्हणतं, मग नवऱ्यानंच का मागे राहायचं? इकडे ठीक आहे. दुकानात काचा घासायचं नवीन मशीन आलंय. मालक त्याला कुणाला हात लावू देत नाहीत आणि त्यांना स्वतःला ते चालवता येत नाही. त्यामुळे चष्मे अजून मीच जुन्या मशीनवर करतो. तुझी खिडकीतली वेल जगली.

परीक्षेचं सांगतो. तुझ्याकडे परदेशी यायचं तर व्हिसासाठी इंग्रजीत पास व्हायला हवं, आणि मागच्या वेळी मी त्या चिमुकल्या शब्दांत आपटलो होतो. टू, फॉर, विथ, ऑन. आपल्याकडे कसं, तुझ्यावर रागावलो, तुझ्याशी बोललो, तुला भेटलो, कुणाला विचारावं लागत नाही. तिकडे प्रत्येक क्रियापदाचं शेपूट वेगळं. लाँड्रीच्या वरच्या खोलीत एक बाई शिकवणी घेतात, तिथे जायला लागलो. पहिल्याच निबंधात मी लिहिलं, ‘आय ॲम मॅरिड विथ अ नर्स.’ बाई म्हणाल्या, “विथ नाही, टू.” मी म्हटलं, “पण बाई, संसार तर तिच्याबरोबरच करायचाय ना?” त्या म्हणाल्या, “संसार तुमचा, व्याकरण त्यांचं. का म्हणून विचारू नका, जोडीनं पाठ करा.” मग मी काचा घासताना पुटपुटत बसायचो. एका गिऱ्हाइकानं मालकांना हळूच विचारलं, यांची तब्येत बरी आहे ना.

गेल्या आठवड्यात तोंडी परीक्षा झाली. परीक्षकबाई म्हणाल्या, ज्या माणसाची आठवण येते त्याच्याबद्दल बोला. ‘आय मिस माय वाइफ’ म्हणालो. ‘मिस’नंतर काही लागत नाही, एवढं पक्कं होतं. पुढे ‘आय वेट’ म्हणालो आणि अडकलो. टू, ऑन, ॲट, सगळे एकदम तोंडाशी आले. तेवढ्यात विमानतळाच्या काचेपलीकडची तू डोळ्यांपुढे आलीस, खांद्यावरून पर्स घसरलेली, मागे वळून बघणारी. ‘फॉर हर’ म्हणालो, आणि मग बोलतच सुटलो. ड्यूटीवरून आल्यावर तू आधी पाय धुतेस, मुकाट्यानं चहा पितेस आणि मग सगळ्या वॉर्डाची हकिगत एका दमात सांगतेस. पुष्कळ चुकलो असेन. वेळ संपली तरी त्यांनी मला थांबवलं नाही.

काल निकाल लागला. पास झालो. आईला सांगितलं, मालकांना सांगितलं, तुला मात्र फोनवर सांगितलं नाही. आधी दर फोनला तू विचारायचीस, “कधी येतोस?” बरेच महिने झाले, विचारत नाहीस. जेवलास का, आई कशी आहे, ठेवते आता. दमतेस, ते कळतं मला. पण एकटीनं राहायची सवय झाली असेल, ती मोडावीशी वाटत नसेल, तर तेही समजून घेईन. फोनवर विचारलं असतं तर माझं मन राखायला तू लगेच हो म्हणाली असतीस. म्हणून लिहितोय. कागदपत्रांच्या मागे लागण्याआधी एकदा सावकाश, खरं काय ते कळव. मी येऊ ना?

तुझाच,
चष्मेवाला