बाटली वेगळी, कुपी वेगळी

१२ मार्च

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. सवयीने लिहून गेले, आता खोडत नाही. आम्ही इकडे बऱ्या आहोत. आईला जेवण जातं, शेजारच्या खाटेवरच्या बाईशी भांडतेही. शुक्रवारी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तू येऊ नकोस. का ते पुढे लिहिते. घाई करू नकोस, घाईनेच तुझं वाटोळं केलंय.

फोनवर काय म्हणालास? "ताई, तू राईचा पर्वत करतेस." राई! तुंबलेली मोरी साफ करायच्या रसायनाने आईचा उजवा डोळा जळला तेव्हा काय ठरलं होतं, आठव. डाव्या डोळ्याच्या कडेचा कणीएवढा तुकडा काढायचा, त्यातल्या मूळ पेशी मी माझ्या प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि त्यांचा जो पातळ पापुद्रा तयार होईल तो उजव्या डोळ्यावर बसवायचा. पेशींना वाढायला खाद्य लागतं. ते बहुतेक वेळा वासराच्या रक्तातून काढतात, हे कळल्यावर आईने हातच जोडले. जन्मात चामड्याची चप्पल न घातलेली बाई ती. "आंधळी राहीन, पण ते नको," म्हणाली.

मग तू ऐटीत आलास, तुझ्या कारखान्याची बाटली मिरवत. माणसांनी दान केलेल्या रक्तापासून बनवलेलं खाद्य, वर हिरव्या अक्षरांत 'प्राणिमुक्त'. आईचा हात धरून म्हणालास, "माझ्यावर विश्वास ठेव." तिने ठेवला. मीही ठेवला, गाढवासारखा. सोबतच्या छोट्या कुपीत काय आहे विचारलं, तर म्हणालास, नुसते क्षार.

परवा एका जादा डिशमध्ये मी कुपीतले थेंब घालायला विसरले. थोड्या वेळाने बघते तर खाद्याचं दही झालेलं! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माणसाच्या रक्ताचं खाद्य असंच थिजतं. थिजू नये म्हणून त्यात औषध घालतात, आणि ते औषध डुकराच्या आतड्यातून काढतात. क्षार म्हणे! गोठणारा भाग तू आधीच काढून टाकला असतास तर कुपी लागलीच नसती. पण तेवढा धीर कुणाला? आणि विचारलं तर वर तोंड करून सांगतोस, "बाटली प्राणिमुक्तच आहे, ताई. कुपी वेगळी." चोर तो चोर, वर शिरजोर.

आईला सांगू नकोस, म्हणालास. पापुद्रा सुरेख आलाय, पुन्हा तुकडा काढणं धोक्याचं, ती नाही म्हणाली तर डोळा जाईल. यातलं अक्षर अन् अक्षर खरं आहे. म्हणून तर तळपायाची आग मस्तकात गेली. खरं कसं बोलायचं ते तुला येतं की!

मी तिला सांगितलं. काल, तिची वेणी घालताना. तिने वेणी पुरी होऊ दिली. मग म्हणाली, "बसवा. मला दिसायला हवंय. पाप लागलं तर माझं मी बघून घेईन." मला वाटलं, सुटला गधडा.

तेवढ्यात तिने विचारलं, "त्याला माहीत होतं?"

एवढी चिडलेली मी, पण तुझी बाजू घेतली रे. म्हटलं, घाईत राहून गेलं असेल त्याच्याकडून.

"माहीत होतं का, एवढंच सांग."

मी हो म्हणाले.

तेव्हा येऊ नकोस हे माझं म्हणणं नाही. तू आला असतास तर मला बरंच झालं असतं, तोंडावर चार शिव्या तरी घातल्या असत्या. हे आईचं म्हणणं आहे. "पट्टी सोडतील तेव्हा तो समोर नको," म्हणाली. "नव्या डोळ्याने पहिलं त्याचं तोंड बघायचं नाही मला."

तिचे शब्द जसेच्या तसे उतरवलेत. माझ्या पदरचं त्यात काही मिसळलेलं नाही.

तुझी,
ताई