मावशीला आलेला देवाचा निरोप

॥ श्री ॥
इतवारी, नागपूर
१८ नोव्हेंबर २०२४

ती. यमुमावशीस, शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला आता काही ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं वाचायला तू तयार नाहीस, म्हणून शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस.

लग्नसराईमुळे दुकानात पाय ठेवायला जागा नाही. आंदणाची भांडी घ्यायला अख्खं गणगोत येतं आणि गंजापासून पेल्यापर्यंत सगळ्यावर नाव टाकायचं मशीन माझ्याच हातात. दिवसभर कानाशी घरघर. संध्याकाळी देवापुढे हात जोडते, तर मनात येतं, मघाच्या परातीवर आडनाव बरोबर पडलं ना? तू नेहमी म्हणतेस, देव बोलतो, आपण ऐकायला बसत नाही. पण बसू कधी?

तुझ्या शेजारच्या शोभाताईंचा फोन आला होता. कुकरच्या शिट्ट्या तुला ऐकू आल्या नाहीत आणि डाळ जळून घरभर धूर झाला म्हणे. मला हे त्यांच्याकडून कळावं? मावशी, इकडे राहायला ये ना.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
नूपुर

॥ श्री ॥
हुडकेश्वर, नागपूर
२३ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. नूपुरला अ. उ. आ.

अक्षराला हसले. आई गेल्यावर तुला मीच सांभाळलं, कित्ते मीच गिरवून घेतले, म्हणजे दोष माझाच.

वेळ मिळत नसतो बाई, काढावा लागतो. दुकान उघडण्याआधी थोडी बस. जप नको, पोथी नको, मागणं तर मुळीच नको. नुसती गप्प राहा. कान गेल्यापासून मला ते फार सोपं झालं आहे.

आता मुद्द्याचं. वर्ध्याच्या पुढे एक वृद्धाश्रम आहे, तिथे मी महिनाअखेरीनंतर कायमची जाते आहे. हे माझ्या मनाचं नाही. पहाटे बसले होते, तेव्हा देवानेच सांगितलं, की यमू, कुणाच्या घरात अडगळ होऊ नकोस, निघ. त्याच्या शब्दापुढे तुझं-माझं काय चालणार? तेव्हा वाद घालू नकोस. डाळीचं म्हणशील, तर शोभाताईंना काम काय दुसरं!

गिरिधररावांना आशीर्वाद. खुशीचा पापा घे.
तुझं भलं चिंतणारी,
यमुमावशी

॥ श्री ॥
इतवारी, नागपूर
३० नोव्हेंबर २०२४

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दुकानातच रडले. गिऱ्हाइकाला वाटलं, भाव कमी करायला सांगितला म्हणून.

तू सांगितलंस तशी बसते आहे. शटर अर्धं वर घेऊन आत शिरते, परत खाली ओढते आणि भांड्यांच्या थप्प्यांमध्ये बसते. सासऱ्यांनी गिरिधरना विचारलं, की सूनबाई आत झोपून राहिली का गा? पहिले काही दिवस डोळे मिटले की ऑर्डरीच दिसायच्या. काल मात्र मन खरंच थांबलं. आवाज वगैरे काही नाही, पण एक गोष्ट लख्ख समजली. दसऱ्यापासून मी तुझ्याकडे फिरकले नाही, ते दुकानामुळे नाही. तू एकटी कशी राहतेस ते बघवणार नाही, म्हणून मी दुकानाआड लपले होते. आणि त्याच्या पाठोपाठ आलं, की मावशीला घरी आण.

आता सांग, तुझा देव म्हणतो निघ, माझा म्हणतो आण. मी गिरिधरना विचारलं. ते म्हणाले, देव तं दोन नाही ना, मंग तुमच्यातलं कोणीतरी चुकून राहिलं. चुकत मीही असेन. मला कालपरवाच बसता येऊ लागलं आहे. पण जाण्याआधी माझ्यासाठी एकदा पुन्हा बस. आश्रमाचं विचारू नकोस, माझ्या घराचंही नको. त्यानंतरही जावंसं वाटलं, तर मी स्वतः सोडायला येईन.

रागावलीस तरी पत्र टाक.
तुझीच,
नूपुर

॥ श्री ॥
हुडकेश्वर, नागपूर
६ डिसेंबर २०२४

चि. सौ. नूपुरला अ. उ. आ.

रागावले तर होतेच. मला बसायला शिकवणारी तू कोण? दोन दिवस पत्राकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र बसले.

नूपुर, फार लाज वाटली. आश्रमाचं मी डाळ जळाली त्याच दिवशी ठरवलं होतं. ठरवून मग देवासमोर बसले आणि त्याला सगळं पटवून दिलं. बोलत होते मी, आणि निरोप त्याचा म्हणून तुला कळवला. कान गेले म्हणजे आत शांतता झाली असं समजत होते. कसली शांतता, माझीच बडबड चालली होती. या वेळी तोंड खरंच मिटलं. देव काहीच बोलला नाही. एक अक्षर नाही. पण त्या गप्पपणात मला इतकं कळलं, की मला आश्रमात जायचं नाही, मला भीती वाटते आहे.

भीती अडगळ होण्याची नाही. ती मी सांगायला बरी म्हणून सांगितली. मागे तुमच्याकडे जेवायला आले होते, तेव्हा खुशी काहीतरी म्हणाली आणि सगळे पोट धरून हसलात. मीही हसले. मला कशाचं हसू ते ठाऊकच नव्हतं. कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रोज असं हसावं लागलं तर मी मरेन, त्यापेक्षा अनोळखी माणसं बरी, असं वाटलं होतं.

मी येत नाही, असं आश्रमाला कळवलं आहे. देवाचं म्हणणं काय, ते अजून मला माहीत नाही. बसत राहीन, त्याला वाटेल तेव्हा बोलेल. तुझ्याकडून मात्र मला आत्ताच उत्तर हवं. ताटावर सगळे हसाल, तेव्हा कशाला हसलात ते मला तिथल्या तिथे सांगायचं, घास हातात असला तरी. मागाहून नाही. जमणार असेल, तर रविवारी घ्यायला ये.

वाट पाहणारी,
यमुमावशी